मूठ उघडताना

पहिलं मोठं काम मिळालं त्या संध्याकाळी मी ऑफिसच्या जिन्यात बसून होते. फोनवर मेल उघडा होता. तीन वर्षांचा करार, आणि तोवर केलेल्या सगळ्या कामांची बेरीज केली तरी त्याहून मोठा. वर आमची माणसं दंगा करत होती, मला हाका मारत होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: यांनी आपली नीट चौकशी केलेली दिसत नाही.

आनंद झाला नाही असं नाही. पण तो उसना आणल्यासारखा होता. जपून वापरायचा, डाग पडू द्यायचा नाही, कारण कधीतरी मालक मागायला येणार. त्या रात्री मी जागीच होते. या लोकांना पुढेमागे आपल्याबद्दल काय काय कळू शकेल याची उजळणी करत पडले होते.

माझा व्यवसाय तापमापक तपासण्याचा. लसी, औषधं, रक्ताच्या पिशव्या जिथे ठरावीक तापमानात ठेवाव्या लागतात तिथले सेन्सर खरं दाखवतात की नाही हे आम्ही बघतो आणि तसं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट देतो. हा विषय मी कॉलेजात शिकलेले नाही. एका जुन्या सरांच्या हाताखाली सात वर्षं काढली, हात बसला, मग स्वतःचं सुरू केलं. त्या रात्री ती सात वर्षं मला आठवलीसुद्धा नाहीत. आठवलं ते एवढंच, की भिंतीवर लावायला त्या विषयाची पदवी नाही.

या भावनेला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या आपल्या कामावरून एक शोधनिबंध लिहिला. पदव्या, मान, वरिष्ठांची शाबासकी, सगळं असूनही या स्त्रियांना मनातून वाटायचं की आपण लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली आहे. आज सगळीकडे ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात, पण त्या दोघींनी ‘सिंड्रोम’ म्हटलंच नव्हतं. त्यांचा शब्द होता ‘फिनॉमिनन’, म्हणजे माणसाच्या बाबतीत घडणारी एक गोष्ट. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये हे नाव नाही.

किती जणांना असं होतं, हेही मी शोधलं. २०२० मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आढाव्यात ६२ अभ्यास आणि १४,१६१ माणसं धरलेली आहेत. प्रमाण निघालं ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत; कुठली प्रश्नावली वापरली आणि रेघ कुठे ओढली, त्यावर सगळं अवलंबून. माझं आयुष्य मोजमापात गेलेलं. एकाच गोष्टीची रीडिंग इतकी लांब लांब पडली तर मी आधी पट्टी तपासते. त्यामुळे ‘मला अमुक अमुक आहे’ असं म्हणून मोकळं होणं मला जमलं नाही. आपण एकट्या नाही एवढा धीर मात्र त्या नावाने दिला, आणि तो खरा होता.

आपल्या भाषेत यासाठी एक धारदार शब्द आहे: तोतया. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले, आणि पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक माणूस उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गोळा झाली, बंड झालं, अखेर १७७६ मध्ये त्याला पकडून मारण्यात आलं. त्या गोष्टीत मला अडकवतं ते एवढंच, की आपण भाऊ नाही हे त्या माणसाला पक्कं माहीत असणार. पकडले जाऊ ही त्याची भीती एका खऱ्या गोष्टीवर उभी होती. माझी कशावर उभी होती? कितीतरी वर्षं हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. नुसतीच घाबरत राहिले.

नोकरीत निदान कुणीतरी तुम्हाला निवडलेलं असतं. मुलाखत झालेली असते, नेमणुकीचं पत्र असतं, वर्षाकाठी कुणीतरी समोर बसवून बरं-वाईट सांगतं. उद्योजकाला कोणी नेमत नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘संस्थापक’ हा शब्द मी स्वतः टाइप केला आणि स्वतःच छापायला दिला. शिवाय धंदा म्हणजे अजून हातात नसलेल्या गोष्टीबद्दल शब्द देणं. ‘दोन महिन्यांत आमची दुसरी लॅब सुरू होईल’ असं मी म्हणते तेव्हा त्या जागी रिकामी खोली असते. शब्द दिला त्या दिवशी तो खोटाही नसतो आणि खराही नसतो. पाळला की खरा होतो. मधले ते दोन महिने उद्योजकाने कसे काढायचे हे कुठे शिकवत नाहीत. माझ्या मते आपली ही भीती मुख्यतः त्या मधल्या जागेत राहते.

ही भीती नुसती मनात राहिली असती तर मी हे लिहायला बसले नसते. ती हिशेबात उतरली. मी कोटेशन कायम कमीचं द्यायचे. आकडा टाइप करायचा, खोडायचा, खालचा टाकायचा, पाठवायच्या आधी परत एकदा कमी करायचा. काम झालं तरी बिल पाठवायला महिना लावायचे. मनात कुठेतरी असं होतं की पैसे कमी घेतले, तर उघडं पडल्यावर निदान ‘लुबाडलं’ असं तरी कुणी म्हणणार नाही. हे मी कधी कागदावर मांडलं नाही, पण तीन वर्षं कंपनी त्याच तत्त्वावर चालली. सगळ्यांचे पगार झाले की माझ्यासाठी काही उरत नसे.

एक गोष्ट अजून मनाला लागते. मुलाखतीला एक फार हुशार मुलगी आली होती. मापनशास्त्र रीतसर शिकलेली, प्रश्न विचारण्याची पद्धत स्वच्छ. मी तिला घेतलं नाही. तिला कारण सांगितलं बजेटचं. खरं कारण असं, की ही आपल्याला आठवड्याभरात ओळखेल. तिचं काय नुकसान झालं असेल माहीत नाही. बहुधा तिला चांगली जागा मिळाली असेल. माझ्या कंपनीचं झालेलं नुकसान मात्र मी अजून मोजते आहे.

क्लान्स यांनी याचं चक्र नेमकं टिपलं आहे. काम अंगावर आलं की माणूस एकतर गरजेच्या चौपट तयारी करतो, नाहीतर शेवटच्या क्षणापर्यंत टाळतो. काम होतं. घटकाभर हायसं वाटतं. मग, चौपट तयारी केलेली असेल तर ‘मरमर केली म्हणून जमलं’, आणि टाळलेलं असेल तर ‘नशिबाने निभावलं’. कुठल्याही वाटेने गेलं तरी ‘मला हे येतं’ या निष्कर्षाला माणूस पोचत नाही. पुढचं काम आलं की पुन्हा पहिल्यापासून. मी चौपट तयारीवाली. दिवसा दुसऱ्यांनी तपासलेली सर्टिफिकेटं रात्री मी परत तपासायचे. त्याला मी ‘गुणवत्ता’ म्हणत होते.

सगळाच संशय घरचा नसतो हेही सांगायला हवं. मीटिंगमध्ये मी दहा मिनिटं बोलल्यावर समोरचा माझ्या शेजारी बसलेल्या भागीदाराकडे बघून विचारतो, ‘टेक्निकल बाजू कोण बघतं?’ माझा भागीदार हिशेब बघतो. असा प्रश्न एकदा आला तर माणूस सोडून देतो. पन्नासदा आला तर तो आपल्याच आवाजात मनात ऐकू यायला लागतो. अशा वेळी दुखणं नुसतं त्या बाईत शोधू नका, त्या खोलीतही शोधा, असं म्हणणाऱ्या लेखिका आता आहेत, आणि त्यांचं मला मनापासून पटतं.

धीर देणारी माणसं भरपूर भेटली. ‘सगळ्यांनाच असं वाटतं’ हे तर शंभरदा ऐकलं. अॅटलासियन ही सॉफ्टवेअर कंपनी २००२ मध्ये सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, माइक कॅनन-ब्रुक्स, याने २०१७ मध्ये एका जाहीर भाषणात आपल्याला वर्षानुवर्षं असंच वाटत आल्याचं कबूल केलं. उद्योजकांच्या एका पुरस्कार सोहळ्यात आपण इथे चुकून आलो असं त्याला वाटत होतं, आणि शेजारी बसलेल्या, प्रचंड मोठा उद्योग उभा केलेल्या वयस्कर माणसाकडे त्याने ते बोलून दाखवलं, तर त्या माणसालाही तसंच वाटत होतं. ऐकून मला रडू आलं. पण त्या दिलाशाने दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी ऑडिट होतं आणि पोटात परत गोळा. कारण सगळ्यांना वाटतं म्हणून माझी शंका चुकीचीच आहे असं कुठे ठरतं? शंभरातल्या एखाद्याची शंका बरोबरही असू शकते. तो एखादा मी नाही, हे मला दुसऱ्याच्या कबुलीवरून कसं कळणार?

आणि मग वडीलधाऱ्यांचा सल्ला. झाकली मूठ सव्वा लाखाची. धंद्यात उतरणाऱ्याला हे कुणी ना कुणी सांगतंच. आपल्याला काय येत नाही ते बोलायचं नाही, चेहरा शांत ठेवायचा, निभावून न्यायचं. मी ते अगदी मनावर घेतलं. टीमसमोर मी कधी ‘मला माहीत नाही’ म्हटलं नाही. माहीत नसलं तर ‘उद्या सांगते’ म्हणायचे आणि रात्रभर वाचायचे.

याची किंमत मला एका थर्मास फ्लास्कने दाखवली.

तापमापक तपासण्याची सगळ्यात जुनी आणि अजूनही भरवशाची रीत म्हणजे बर्फ. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक चुरायचा, फ्लास्कमध्ये दाबून भरायचा, चुऱ्याच्या फटी भरतील एवढंच थंडगार शुद्ध पाणी घालायचं. तळाशी पाणी साचू द्यायचं नाही, कारण साचलेलं पाणी शून्याच्या वर जातं. मग सेन्सर मध्यभागी खोल खुपसायचा आणि थांबायचं. पहिली काही मिनिटं आकडा खाली पळतो, मग रेंगाळतो, मग एका जागी बसतो. नीट केलं तर फ्लास्कमधलं तापमान शून्य अंशाच्या इतकं जवळ असतं, की फरक अंशाच्या शंभराव्या भागातही बसत नाही. प्लॅटिनमचा जो सेन्सर आम्ही वापरतो त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, त्या वेळी १०० ओहम असायला हवा. उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना तो साधारण १३८.५ होतो. मला हे काम फार आवडतं. खोलीत आवाज नसतो, हाताला बर्फाचा गारवा असतो, आणि आकडा बसायची वाट बघण्यापलीकडे काही करायचं नसतं.

आमचा जो मुख्य सेन्सर, ज्याच्याशी बाकीचे सगळे ताडून बघतो, तो दर काही दिवसांनी असा बर्फात घालून बघायचा असतो. एका सकाळी मी तो घातला, आकडा बसला, आणि बसला तो चुकीच्या जागी. ०.०९ अंश वर. मी बर्फ बदलला. पुन्हा तेच. प्लॅटिनमची ती तार केसासारखी बारीक असते. धक्का लागला की तिचा स्वभाव बदलतो. सेन्सर कुणाच्या तरी हातून पडला होता.

आधीच्या तपासणीनंतर आम्ही अकरा सर्टिफिकेटं दिली होती.

मी सगळ्यांना बोलावलं. आमच्याकडचा सगळ्यात लहान मुलगा, वर्षभरापूर्वी लागलेला, भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघूनच कळलं. बाकीचे गेल्यावर म्हणाला, ‘मॅडम, टेबलाच्या कडेला आपटला होता. जोरात नाही. मला वाटलं, काही झालं नसेल.’

‘त्याच दिवशी का नाही सांगितलंस?’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तुमचं कधीच काही चुकत नाही ना, मॅडम. मला वाटलं, इथे फक्त मलाच येत नाही. कळलं तर काढून टाकाल.’

मला त्याला रागवायचं होतं. शब्दच आले नाहीत. हा मुलगा रोज रात्री घरी जाऊन तेच करत होता जे मी करत होते. उघडं पडण्याची तीच उजळणी, तीच जाग. आणि ते त्याला माझ्याकडूनच मिळालं होतं. इतकी वर्षं मी जपलेल्या माझ्या झाकल्या मुठीकडे बघून त्याने आपली मूठ झाकली, आणि त्या मुठीत एक आपटलेला सेन्सर होता. आमची सर्टिफिकेटं लावून जिथे लसी ठेवल्या जातात तिथे ०.०९ अंश म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. त्यांना मिळणारी सूट त्याहून जास्त असते. पण ते आमचं नशीब. सेन्सर जास्त बिघडला असता तरी तो गप्पच बसला असता.

त्या दिवशी मी अकरा फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं: आमचा संदर्भ सेन्सर बिघडलेला निघाला, तुमच्या सर्टिफिकेटातले आकडे एवढ्याने चुकले असू शकतात, आम्ही आमच्या खर्चाने परत तपासणार, तोवर ते सर्टिफिकेट धरू नका. बहुतेकांनी तारीख विचारून घेतली. दोघांनी चांगलंच सुनावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. एकाने पुढचं काम काढून घेतलं.

संध्याकाळी यादीतल्या शेवटच्या नावावर काट मारली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या प्रसंगाची मी इतकी वर्षं रोज धास्ती घेत होते तो आज घडला होता. चूक उघड झाली होती, तीही अकरा जणांसमोर, माझ्याच तोंडाने. आणि दिवसभरात मला एकदाही तोतया असल्यासारखं वाटलं नव्हतं. थकवा होता, वाईट वाटत होतं, गेलेल्या कामाची काळजी होती. पण ‘आपण इथे कशा’ हा प्रश्न कुठे डोकावला नव्हता. सेन्सर का बिघडला, किती बिघडला, कुठवर परिणाम गेला, हे शोधून काढून प्रत्येकाला नीट सांगणं मला येत होतं. सात वर्षं शिकले होते ते हेच.

त्या रात्री जुन्या सरांची आठवण आली. सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, की आपण या सेन्सरला त्या सेन्सरशी ताडतो, त्याला अजून वरच्या लॅबशी, पण सगळ्यात वरचा बरोबर आहे हे कोण ठरवतं? ते म्हणाले, वर जात जा, प्रत्येक पायरीवर शंका थोडी कमी होईल, शून्य कुठेच होणार नाही. म्हणून तर आमच्या सर्टिफिकेटावर प्रत्येक आकड्यापुढे अनिश्चितता लिहावी लागते. आकडा एवढा, अधिक-उणे एवढा, सुमारे ९५ टक्के खात्रीने. ती ओळ नसेल तर जाणकार माणूस ते सर्टिफिकेट हातात धरत नाही. रोज पाच-दहा वेळा मी त्या ओळीखाली सही करत होते, आणि स्वतःबद्दल मात्र अधिक-उणे शून्याचा हट्ट धरून बसले होते.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. पोटात गोळा आला की तारीख घालून एकच प्रश्न लिहायचा: नेमकं काय उघड होईल? ‘मी नालायक आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण ते कुणाला फोन करून सांगता येत नाही. सांगता येईल असं लिहायचं. कधी कधी खरंच काहीतरी निघतं. शब्द दिला होता दोन महिन्यांचा, तीन लागणार. एका नव्या उपकरणाचा आम्हाला सराव नाही. हे ज्याला कळायला हवं त्याला मी त्याच दिवशी सांगते, त्याला दुसरीकडून कळायच्या आत. आणि कितीतरी वेळा पान कोरं राहतं. लिहायला बसते, पेन उघडते, आणि लिहायला काही नसतं. भीती असतेच, पण तिला दाखवायला वस्तू नसते. कोऱ्या पानांनी माझं जितकं भलं केलं आहे तितकं कुठल्याही शाबासकीने केलेलं नाही.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. कोटेशनचा आकडा टाइप करताना बोट अजून अडखळतं. आता भागीदार शेजारी बसतो आणि पाठवल्याशिवाय उठत नाही. सोमवारच्या मीटिंगची सुरुवात मी स्वतःपासून करते, गेल्या आठवड्यात मला काय कळलं नाही तिथून. पहिल्या सोमवारी खोलीत अवघड शांतता पसरली होती. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, परवा फ्लास्कमध्ये पाणी जास्त झालं होतं, मी रीडिंग टाकून दिली, परत घेतली.’ एवढंच बोलला आणि खाली बसला. मी वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवलं, कारण डोळे भरून आले होते.

मागच्या महिन्यात एका नव्या ग्राहकाकडे गेलो होतो. खूप खालच्या तापमानाचं काम, उणे ८० अंशांचे फ्रीझर. मी माहिती देऊन झाल्यावर टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा काढून सरळ विचारलं, ‘हे तुम्ही याआधी केलंय?’

जुनी मी काय बोलले असते ते मला पाठ आहे. तळहात तसेच घामेजले, घसा तसाच कोरडा पडला.

‘उणे ४० पर्यंत केलंय,’ मी म्हणाले. ‘उणे ८० नाही. त्यासाठी काय काय लागेल ते मी लिहून आणलंय, आणि कुठे अडू शकतो तेही.’

त्यांनी कागद पुढे ओढला, खालचा भाग आधी वाचला, आणि पेनाचं टोपण काढत म्हणाल्या, ‘हा तिसरा मुद्दा जरा समजावून सांगा.’